प्रेमराजच्या वाटचा रोट

धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या कॉलनीत बेबाबाईंना दोन कारणांनी ओळखतात. एक, त्यांच्या ज्वारीच्या बिबड्या, भाजून खायचे जाड पापड. दुसरं, त्यांचं तोंड. बिबड्या उन्हाळ्यात चार महिने मिळतात, तोंड बारा महिने.

शिक्षण चौथी. नवरा अभिमन मुंबई-आग्रा रोडवर ट्रक चालवायचा, महिन्यातले पाच-सहा दिवस घरी असायचा. बाकीचे दिवस बेबाबाईंनी एकटीनं काढले आणि एकुलत्या एका मुलाला, प्रेमराजला, हॉटेल मॅनेजमेंट शिकवलं. अभिमनभाऊंची एकच अट होती, पोरगा काहीही होवो, ड्रायव्हर नको. ते गेले तेव्हा प्रेमराज कॉलेजात होता. नऊ वर्षांपूर्वी तो ऑस्ट्रियात साल्झबुर्गला गेला आणि एका टूर कंपनीत मॅनेजर झाला, असं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कापडण्याला त्याचे मोठे काका शालिग्रामआबा राहतात. त्यांनी तर ही मॅनेजरी पंचक्रोशीत इतकी वाजवली की, कुणाच्या पोराचं लग्न ठरलं तरी आधी प्रेमराजचा विषय निघायचा.

तंटा झाला तो कापडण्याच्या घरी, कानबाई देवीच्या सणात. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळून त्याचे जाड रोट करायचे. रोट फक्त घरच्यांनी खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या चंद्रानं ते बघायचे नाहीत. त्याआधी संपवायचे, उरले तर जमिनीत पुरायचे. गेली नऊ वर्षं प्रेमराजची मूठ पडत होती आणि त्याच्या वाटचं बेबाबाई खात होत्या. यंदा गहू मोजताना आबा म्हणाले, "जो येसच नही, त्यानी मूठ कसाले?"

जेठाशी, म्हणजे मोठ्या दिराशी, समोरासमोर बोलायची बेबाबाईंच्या घरात पद्धत नाही. त्यांनी पदर नाकापर्यंत ओढला आणि ओसरीच्या खांबाला सांगितलं, "खांबा, त्यासले सांग, मना आंडोर जित्ता शे."

पोरगा जिवंत आहे, एवढं खांबानं सांगितलं असावं, कारण आबा भडकले. शेवटी भाऊबंदांनी तोड काढली. बेबाबाई मंगळवारी मुलाकडे निघणारच होत्या, तर त्याच्या वाटचा रोट त्यांनी न्यावा, शुक्रवारी पौर्णिमेचा चंद्र उगवायच्या आत त्याला खायला घालावा आणि त्याचं तोंड हलताना सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवावं. नाही जमलं तर पुढल्या वर्षीपासून प्रेमराजची मूठ बंद. चंद्र कुठला धरायचा, यावरही वाद झाला. आबांनी निकाल दिला, "आपला."

मला, शेजारणीला, सोबत नेलं ते इंग्रजीसाठी. नन्सच्या शाळेत शिकलेली बाई बरोबर असली की, विमानात सांडलं तरी सॉरी नीट म्हटलं जातं, असा बेबाबाईंचा हिशोब. रोट स्टीलच्या डब्यात, डबा सुती लुगड्यात आणि ते सगळं त्यांच्या मांडीवर. मुंबईपासून साल्झबुर्गपर्यंत तो डबा एकदाही खाली ठेवला गेला नाही.

बुधवारी विमानतळावर प्रेमराज आलाच नाही. त्याचा एक मित्र आला. म्हणाला, प्रेमराज मीटिंगसाठी व्हिएन्नाला गेलाय, शनिवारी येईल. शनिवारी म्हणजे पौर्णिमा डोक्यावरून गेल्यावर. बेबाबाईंनी फोनवर त्याला जे ऐकवलं ते मी डायरीत त्या दिवशीच्या पानावर लिहिलं होतं, पण इथे लिहीत नाही. त्यानं फक्त, "आई, शुक्रवारी तुमची दोघींची तळ्यांची सहल ठरवलीय, छोटा ग्रुप आहे, मजा करा," एवढं म्हणून फोन ठेवला.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. सकाळी ८.५० ला आम्ही ठरल्या चौकात उभ्या होतो. आणखी सहा जण होते. एक ऑस्ट्रेलियन म्हातारं जोडपं, दोन स्पॅनिश बहिणी आणि एक नवविवाहित कोरियन जोडपं. ९ वाजता पांढरी व्हॅन आली. दोन्ही अंगांवर कंपनीचं नाव एवढं मोठं की चष्मा काढूनही वाचता यावं. दार उघडून हिरव्या जाकिटातला, छातीवर बिल्ला लावलेला ड्रायव्हर उतरला आणि हसत म्हणाला, "गुड मॉर्निंग, लेडीज अँड जंटलमेन..."

तो प्रेमराज होता.

आम्हाला पाहून त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, दुकानातल्या पुतळ्याच्या तोंडावर राहतं तसं.

"माले लेडीज म्हणस का रे, भामट्या?" बेबाबाई म्हणाल्या. "तू तं व्हिएन्नामा व्हता ना?"

एरवी त्या माझ्याशी शहरी मराठी बोलतात. अहिराणी सुरू झाली की समजायचं, पारा चढला.

"आई, हळू," तो कुजबुजला. "या सहलीचा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून ऐनवेळी मला पाठवलं, तुम्ही याच ग्रुपमध्ये आहात हे कळलंच नाही. गाडीत बस आधी. मग सांगतो."

त्यानं ते पहिल्या थांब्यावर सांगितलं. सेंट गिल्गेनला बाकीची मंडळी तळ्याकाठी फोटो काढत होती. आम्ही तिघं व्हॅनमागे उभे होतो. नऊ वर्षांत तो मॅनेजर कधी झालाच नव्हता. आधी हॉटेलात भांडी, मग सामान उचलणं, गेली चार वर्षं ही व्हॅन. चालवायची आणि माहितीही सांगायची. आवडतं त्याला. पण आबांनी गावभर मॅनेजर केलं आणि बापाची ती अट, म्हणून घरी यायचंच टाळत राहिला.

"सुटी मिळत नाही म्हणायचास तू," मी म्हटलं.

"काकू, सुटी मिळते. तोंड मिळत नाही."

मला वाटलं, बेबाबाई आता रडतील. त्या व्हॅनभोवती एक चक्कर मारून आल्या, चारही टायर बघितले आणि म्हणाल्या, "झोप लागते का रे गाडीवर?"

"नाही."

"तुझ्या बापाला लागायची. म्हणून तो नको म्हणत होता." मग डबा पुढे केला. "खा."

प्रेमराजनं हात मागे घेतला. आबांची अट त्याला फोनवर आधीच कळली होती. खायचं म्हणजे व्हिडिओवर दिसायचं, आणि दिसलं की हे जाकीट, हा बिल्ला, ही व्हॅन सगळ्या भाऊबंदांना दिसणार. "आई, राहू दे ना माझी मूठ. मी कुठे येतोय गव्हासाठी?"

हे ऐकून त्या माऊलीनं त्याच्यासाठी जो शब्द वापरला तो शब्दकोशात नाही, पण धुळ्याच्या ट्रक टर्मिनसवर सर्रास मिळतो.

मार्ग मी सुचवला. लबाडीचा होता, कबूल आहे. जाकीट-बिल्ला काढायचा, तळ्याकाठच्या बाकावर बसायचं, मागे डोंगर आणि हंस, मी फोन असा धरीन की नुसता चेहरा दिसेल. मॅनेजर सहज फिरायला आलाय, असं वाटेल. बेबाबाईंना पटलं नाही, पण रोट पोटात गेल्याशी मतलब म्हणून गप्प बसल्या.

सेंट वोल्फगांगला सव्वाअकरा वाजता आम्ही तो बेत केला. प्रेमराज पांढऱ्या शर्टात बाकावर, मांडीवर डबा, मी फोन धरून. आपल्याकडे तेव्हा पावणेतीन. शालिग्रामआबा जेवून झोपलेले. तीनदा रिंग गेली. चौथ्यांदा नातसुनेनं उचलला आणि सांगितलं की आबा उठल्याशिवाय कुणाची हिंमत नाही, पाच-साडेपाचला उठतील. "आणि बठ्ठे भाऊबंद जमणार आहेत हं सहाला," ती आनंदानं म्हणाली. "उरलेले रोट पुरायचेत ना!"

तेवढ्यात ऑस्ट्रेलियन आजी आल्या, डब्यात डोकावल्या आणि चाखायला मिळेल का, असं विचारलं. बेबाबाईंची अवस्था बघण्यासारखी झाली. पोस्टमनलासुद्धा खाऊ घातल्याशिवाय न सोडणारी ही बाई, आणि तिला आता पाहुणीला नाही म्हणायचं! त्यांनी डबा छातीशी धरला, पिशवीतून बिबड्यांचं पाकीट काढलं आणि अख्खं आजींच्या हातात कोंबलं. "तिला सांगा, हे खा, ते देवाचं आहे." मी सांगितलं. आजींनी कच्ची बिबडी तशीच चावली आणि फार इंटरेस्टिंग आहे म्हणाल्या. त्यांचे दात खरे होते, हे मला तेव्हा कळलं.

हालस्टाटला पोहोचलो तेव्हा एक वाजला होता. गाव डोंगराच्या अंगावर लाकडी फळीवर डबे मांडावेत तसं मांडलेलं, खाली काळंशार तळं. प्रेमराजनं सगळ्यांना दोन तास दिले. तिथे व्हॅन ठरल्या वेळेपुरतीच उभी करता येते आणि ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही, असा त्याच्या कंपनीचा नियम. म्हणजे बाक नाही, हंस नाही. तीनला आपल्याकडे साडेसहा, म्हणजे कापडण्याला चंद्र.

आम्ही दोघी तोवर गाव बघून आलो. तिथल्या चर्चमागे एक खोली आहे. कबरींना जागा पुरत नाही म्हणून जुनी हाडं काढून तिथे ठेवतात. कवट्यांवर फुलं रंगवलेली आणि माणसाचं नाव, साल लिहिलेलं. लोक हळू आवाजात बोलत होते. बेबाबाई पुढे वाकून म्हणाल्या, "बाई, भांड्यांवर नावं घालतो तशी घातलीत हो! वाटण्या झाल्या तरी बदलाबदली व्हायची भीती नाही." मग जरा थांबून, "मेल्यावर बी ह्यांनी माणसाला घरातलं धरलंय. आणि आमच्या आबाला जित्ता नको." आणि तिथून त्या जवळपास पळतच पार्किंगकडे निघाल्या. गुडघेदुखी आहे म्हणून विमानात व्हीलचेअर मागणारी बाई ती हीच.

२.३५ ला फोन लावला. पहिल्याच रिंगला आबा. मागे ओसरी, ओसरीवर पंधरा-वीस माणसं आणि अंगणात खणलेला खड्डा. बेबाबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला आणि व्हॅनकडे तोंड केलं.

"कुठंय मॅनेजर?" आबांनी विचारलं.

प्रेमराज व्हॅनच्या पलीकडच्या बाजूला, फोनच्या टप्प्याबाहेर उभा होता. जाकीट अंगात होतं, कारण कंपनीची माणसं पार्किंगमध्ये फिरतात. त्यानं मला खुणेनं सांगितलं, नाही म्हणा.

बेबाबाई त्याच्याजवळ गेल्या. आवाज अजिबात चढवला नाही, म्हणून मलाच भीती वाटली. "तुले मॅनेजर ऱ्हावानं शे का आमना घरना ऱ्हावानं शे, तूच ठराव. चांद तुनी वाट देखाव नही."

तो व्हॅनला वळसा घालून पुढे आला. मग व्हॅनचं दार उघडून स्टिअरिंगमागे बसला, डबा घेतला आणि मला म्हणाला, "काकू, धरा फोन. सगळं दिसू द्या."

मी धरला. जाकीट, बिल्ला, स्टिअरिंग, सगळं.

"आबा, मी मॅनेजर नाही. ड्रायव्हर आहे. चार वर्षं हीच गाडी चालवतो. मी खोटं सांगितलं होतं." आणि त्यानं रोटाचा पहिला घास मोडला.

आबांचा चेहरा पडद्यावर इतका जवळ आला की, नुसती मिशी दिसायला लागली. मग मागून कुणीतरी तरणा भाऊबंद म्हणाला, "भो, ॲव्हरेज किती देस?"

"अकरा-बारा," प्रेमराज तोंडात घास असताना म्हणाला.

"घाटमा?"

"घाटात नऊ."

"ऑटोमॅटिक शे का?"

"गप रे!" आबा ओरडले. "प्रेमराज, बोलू नको, तोंडातून सांडतंय. आधी खा. ते बघ, पायाशी पडलं. ते पण उचल!"

पाच दिवसांचा रोट होता. पाण्याच्या घोटाबरोबर त्यानं शेवटपर्यंत खाल्ला, मग गाडीतल्या मॅटवर गुडघे टेकून कण वेचले. आबा मोबाइलमधून दाखवत होते, डावीकडे, अजून डावीकडे, ब्रेकखाली. ऑस्ट्रेलियन आजी-आजोबा परत आले होते आणि आपला ड्रायव्हर काहीतरी हरवलेलं शोधतोय, म्हणून काळजीनं वाकून बघत होते.

"झालं," प्रेमराज म्हणाला. घड्याळात २.५२.

आबांनी घसा खाकरला. "मूठ टाकू पुढल्या वर्षी. पण लबाड माणसाला सव्वा मूठ नाही. एकच."

बेबाबाईंनी व्हॅनच्या दाराला सांगितलं, "त्यासले सांग, सव्वाच."

"तिला सांगा, आधी पोरगा समोर आणून बसव, मग पाव मुठीचं बघू."

"त्यासले सांग, लबाडी त्यानं एकट्यानं केली नाही. गावभर ढोल कोणी वाजवला?"

ओसरीवर हसण्याचा स्फोट झाला. बाकीचे प्रवासी गाडीत चढत होते. प्रेमराजनं हात पुसले, सीट बेल्ट लावला आणि माइकवर इंग्रजीत सांगितलं की, निघायला पाच मिनिटं उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व, आपल्या गाडीत आज ड्रायव्हरची आई बसली आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशाबद्दल ते न विचारता बेबाबाईंनी हात वर करून त्या थांबवल्या, कारण त्यांना आबांचं ऐकू येईना.

बोगद्यात शिरेपर्यंत, रेंज जाईपर्यंत, सौदा चालू होता.