बदली व्हॉल्व्ह

ह्यांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा दिव्यासारखा तापून चालणारा काचेचा व्हॉल्व्ह गेला. तसा आता मिळत नाही, म्हणून दुसऱ्या बनावटीचा आणला. तो बसवून, खरखरतो का ते बघायला ह्यांनी पेन्सिलीने हलकेच टकटक केलं, गाणं लावलं आणि लगेच मान हलवली. "जुन्याची सर नाही."

"अहो, तापू तरी द्या त्याला!"

बदली आलेल्याचा निकाल असा गार असतानाच लागतो. पहिली वारल्यावर मला ह्यांना दुसरेपणावर दिली. माझ्या पहिल्याच आमटीला हे म्हणाले, "तिच्या हातची चव नाही." पुढे जन्मभर माझीच आमटी जेवले, पण चवीचं पुन्हा काही बोलले नाहीत.

आज व्हॉल्व्ह काढायला निघालेला हात मी धरला. "गाणं संपेपर्यंत ऐका."

ऐकलं. मग म्हणाले, "चांगलाय की हा!"

व्हॉल्व्हला म्हणाले.