पूजेनंतर रुसलेला मॉनिटर
ओल्या कुंकवाचा वास आला की मला नागपुरातलं माझं पहिलं ऑफिस आठवतं. दसऱ्याला बडेबाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, नव्या कॉम्प्युटरची मनोभावे पूजा केली आणि तेव्हापासून त्याचा मॉनिटर कधी लागायचा, कधी काळाच राहायचा. माझी नोकरी कच्ची, त्यात त्याला हात लावणारी मी एकटीच. "काय केलं वं तू त्याले? उद्या मोठे साहेब पाहाले येऊन राहिले!" बडेबाबू ओरडले. मी वायर काढून पुन्हा लावली, प्लग बदलला, तरी काळोखच. मग जाणवलं, मॉनिटरचं बटण पूर्ण आत जातच नव्हतं. केसातला आकडा फटीत फिरवला, तर कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा टेबलावर पडला आणि बटण दाबताच मॉनिटर लागला. बडेबाबूंनी तो दाणा उचलून खिशात टाकला. अजूनही दसऱ्याला मी कॉम्प्युटरवर अक्षता वाहते, फक्त बटणावर हात धरून.