उभ्यानं विचारलेले प्रश्न

८ डिसेंबर. न उगवलेले ट्रे रिकामे करून धुवायला काढले होते.

वरवंडजवळच्या आमच्या रोपवाटिकेत बारा बायका कामाला आहेत आणि त्यांच्यावर मी. लावणीसाठी आणलेल्या उसाचा, म्हणजे बेण्याचा, एकेक डोळा काढून ट्रेमध्ये लावायचा. रोप झालं की शेतकरी घेऊन जातो. यंदा तीन आठवडे झाले तरी निम्म्या ट्रेमध्ये कोंब नाही. डोळे काढायचं हातमशीन चाचींकडे असायचं. त्या साठीच्या, आमच्यात सगळ्यांत जुन्या. वय झालं, हात चुकत असेल, असं मी ठरवलं आणि आठवड्यापूर्वी त्यांना पाणी मारायच्या कामाला लावलं. तेव्हापासून त्यांनी माझ्याबरोबर डबा खायचं बंद केलं.

त्या दिवशी माझा गुडघा दुखत होता, म्हणून मी त्यांच्याशेजारी पोत्यावर बसून ट्रे घासायला घेतले. मग त्यांनी मातीतून एक कुजका डोळा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"काप बघा. नीट हाय का?"

काप नीट होता.

"बेणंच जून व्हतं, ताई. गाडी आली तवाच मला कळलं व्हतं."

मग तेव्हाच का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"तुमी कायम हुब्या. तुमच्याशी बोलायचं तर मान वर करावी लागती. मान वर केली की हात थांबतो, आन् हात थांबला की तुमी म्हनता, गप्पा बंद."

पलीकडची एक जण म्हणाली, म्हणून तर आम्ही सगळ्या नुसतं 'व्हय' म्हणतो. सगळ्या हसल्या. मीही हसले, जरा उशिरानं. काही अडचण आहे का, हे मी रोज रांगेतून चालता चालता विचारायचे आणि उत्तर यायच्या आत पुढच्या रांगेत गेलेली असायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेण्याची नवी ट्रॉली आली. माझी चूक झाली, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं आणि उतरवून घेण्याआधी चाचींना पुढे केलं. त्यांनी दोन-तीन ऊस मोडून बघितले, मान डोलावली आणि आपल्या मशीनपाशी जाऊन बसल्या. मी शेजारी पोतं अंथरलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, आज डब्यात काय हाय. मेथी आहे, असं सांगून मी ट्रे भरायला घेतला.