करंट असताना माग बंद

मुलाखतीचं मेल आलं तेव्हा मी वडगावातल्या आमच्या घरी, माडीवर, मिरच्यांची देठं खुडत बसले होते. नावापुढं डॉक्टरेट आणि हातात मिरच्या! पुण्यातलं संशोधन संपवून घरी येऊन आठ महिने झाले होते. भेटेल तो विचारायचा, "मग, आता म्होरं काय?" या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर चालत नाही, नोकरीच लागते.

जागा परदेशातल्या एका विद्यापीठात होती. दोन वर्षांची, संशोधकाची. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची हवा तपासायची. माझं कामच ते. आधीचे पाच अर्ज नामंजूर झाले होते आणि हाही गेला तर इथल्याच एका कॉलेजात शिकवायला लागीन, असं मी घरी कबूल करून बसले होते. शिकवणं वाईट नाही. पण मी ते हरून केलं असतं, आणि हरलेली माणसं वर्गात काय करतात ते मी विद्यार्थी असताना पुरेपूर भोगलंय.

अडचण एकच होती, आवाजाची. आमच्या घरात खाली चार यंत्रमाग. गल्लीत आणखी चौदा घरं, आणि एकही घर मागाशिवाय नाही. दिवसभर खडखडाट. त्यामुळं आमच्याकडं हळू कुणी बोलतच नाही, पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या आठवड्यात खोलीतल्या मुलीनं मला विचारलं होतं, "तू सारखी भांडत का असतेस?" मुलाखत तर दुपारी तीनला, संगणकावर. कंग्राळीला मामाच्या घरी शांतता आहे, पण तिथं रेंज मिळवायला शेताच्या बांधावर उभं राहावं लागतं.

"माग बंद ठिवतो की. त्यात काय!" आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे माझे वडील.

"आपलं ठिवशिला वो, गल्लीचं काय?"

"गल्लीला सांगतो."

तीन महिन्यांपूर्वीच त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली होती. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलेलं. तरी हे गृहस्थ चौदाही घरी स्वतः जाऊन आले. काय सांगितलं कोण जाणे, पण लोक मला थांबवून "ग्रह बघाय निघालीस न्हवं?" असं विचारायला लागले. शेजारच्या काकूंना वाटलं मी पत्रिका बघायला शिकले. त्यांनी मुलीची आणून दिलीसुद्धा.

आप्पांना मात्र मी एकदा नीट समजावलं होतं. ग्रह आपल्याला दिसत नाही. तो त्याच्या ताऱ्यापुढून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा उजेड ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येतो. हवेत जो वायू असेल तो उजेडातले ठरावीक रंग खाऊन टाकतो. कुठले रंग कमी पडले ते बघायचं आणि वायू ओळखायचा.

"म्हंजे हाय ते बघायचं न्हाय, न्हाय ते बघायचं," आप्पा म्हणाले. मी तीन वर्षं जे इंग्रजीत लिहीत होते ते एवढंच होतं.

त्या दिवशी पावणेतीनला गल्ली थांबली. एकेक घर करत आवाज विझत गेला आणि मला कधी नव्हे ती आमच्या पंख्याची कुरकुर ऐकू आली. एवढ्या शांततेची मला सवय नाही.

आमच्या गल्लीत माग तीन कारणांनी थांबतात. करंट जातो, सण येतो, नाहीतर कुणी जातं. कुणी गेलं की शव उचलेपर्यंत सगळी गल्ली माग बंद ठेवते. सांगायला कुणी फिरत नाही. करंट आहे, सण नाही आणि आवाज नाही, म्हणजे लोक समजतात. आप्पांनी आमच्या गल्लीला सांगितलं, पण मागच्या गल्लीला सांगायचं राहिलं. मलाही सुचलं नाही. इतकी वर्षं याच घरात वाढून!

पडद्यावर तिघं होते, दोन पुरुष आणि मधे एक पिकल्या केसांच्या बाई. मी सवयीनं इतक्या मोठ्यानं बोलायला लागले की त्या बाईंनी हसून कानाकडं बोट नेलं. पहिली वीस मिनिटं बरी गेली. मग डावीकडच्या गृहस्थांनी नेमकं ठेवणीतलं काढलं. माझ्या प्रबंधात मी एका ग्रहाच्या हवेत पाण्याची वाफ असल्याचं लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं, तो तारा लहान आणि थंड, त्याच्या अंगावरच्या डागांतही वाफ असू शकते. मग रंग खाल्ले कुणी, ग्रहानं की ताऱ्यानं? तुमची खात्री आहे?

खात्री नव्हती. प्रबंध दिल्यावर दोन महिन्यांनी माझ्याच ते लक्षात आलं होतं आणि मी कुणाला बोलले नव्हते. पाच अर्जांत तोच निकाल मिरवला होता. या प्रश्नासाठी एक गुळगुळीत उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं, खोटं नाही पण खरंही नाही असलं. ते बोलायला तोंड उघडलं आणि खालून किंकाळी आली.

"अण्णा! मला सोडून गेलास की रं, अण्णा!"

आत्याचा आवाज. आप्पांची धाकटी बहीण, दहा मिनिटांवर शहापूरला असते. आप्पांना अण्णा म्हणणारं जगात दुसरं कुणी नाही.

माग मीच बंद करायला लावलेत, हे मला ठाऊक होतं. तरी त्या क्षणी ते कुठं गेलं कुणास ठाऊक. चौदा घरं चढउतार करून आलेला माणूस, छातीत स्प्रिंग. माझ्यासाठी. मी खुर्ची ढकलली, "माझे वडील" एवढंच बोलले, तेही मराठीत, आणि धावले. जागा, ग्रह, वाफ, काही म्हणून डोक्यात राहिलं नाही.

खाली दारात चपलांचा ढीग आणि मागची गल्ली सगळी गोळा झालेली. छातीत स्प्रिंगवाले आप्पाच गेले असं धरून त्यांच्यातल्याच कुणीतरी आत्याला फोन केला होता. आत्या उंबऱ्यावर बसून कपाळ बडवत होती. आणि मागच्या खोलीतून, कुणी चुकून बटण दाबू नये म्हणून मागांपाशी राखण करत बसलेले आप्पा धोतर सावरत बाहेर येत होते.

"अगं ए, गप! पोरीची परीक्षा चाललीया वर!"

आत्यानं त्यांच्याकडं बघितलं, आणखी मोठ्यानं किंचाळली आणि मग त्यांच्याच पाठीत धपाटा घातला. "जित्ता हाईस तर सांगाय काय हुतं रं मुडद्या!"

मी जिन्यावरच बसून रडायला लागले. आप्पा माझ्यावर खेकसले, "तू हितं काय करतीयास? जा वर!"

वर आले. सात मिनिटं गेली होती. तिघंही तसेच बसून होते. घडलं ते सगळं मी सांगून टाकलं, नाक पुसत. आणि म्हणाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, माझी खात्री नाही. माझ्या शेजाऱ्यांना आवाज कमी पडलेला कळला, ते बरोबरच होतं. कारण मात्र त्यांनी ओळखीचं लावलं. मीही तेच केलंय. वाफ दिसली, ती ग्रहाची असावी असं मला हवं होतं. हे आता लिहिताना फार शहाणपणाचं वाटतं. तेव्हा जागा गेलीच असं समजून मी मोकळी झाले होते.

पंधरा दिवसांनी मेल आलं. निवड झाली होती. पहिलं वर्ष मी माझाच निकाल पुन्हा तपासायचा, असं ठरलं होतं.

मी खाली जाऊन आप्पांच्या कानात ओरडून सांगितलं. त्यांनी माग थांबवला. हसले, डोळे पुसले, आणि तुटलेला धागा जोडता जोडता म्हणाले, "त्या दिशी मधनंच उठून आलीस."

"मग काय, बसून ऱ्हाऊ?"

"तवा मी खालीच हुतो. तिकडं असताना फोन आला तर असं उठू नगंस. तू पोचायच्या आत सगळं आवरल्यालं असंल. हातातलं काम पुरं कर, मग रड. काय? व्हय म्हण."

मी व्हय म्हणाले. आप्पांशी मी कधी खोटं बोलत नाही. त्या दिवशी बोलले.