कंपनीचा कडू घास

माझा धाकटा भाऊ लातूरच्या डाळ मिलमध्ये पट्ट्यात ओढला गेला. पट्ट्याला जाळी बसवा म्हणून सगळे कामगार ओरडून थकले होते. जाळी बसली, पण तो गेल्यावर. काय उपयोग त्याचा?

आमच्याकडं मयत झाली की घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकर आणतात आणि समोर बसून पहिला घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. आईनं ताट सरकवून दिलं. मिलवाला येऊन समोर बसल, चुकलं म्हणल, मगच खाईन, म्हणाली. तिला दुसरं काही नको होतं. जुना शेठ असता तर निदान लाजेखातर आला असता. पण मिलची आता कंपनी झाली होती.

कंपनीकडून एक कडक इस्त्रीतला साहेब आला. बूटसुद्धा न काढता उंबऱ्यात उभा राहिला आणि कंपनीला अतीव दुःख झालंय, म्हणाला. आईनं ताट त्याच्यापुढं केलं.

"दुःख झालंय तर तिलाच घिऊन या की. बसू द्या माझ्यासमोर."

साहेब घाम पुसत निघून गेला. शेवटी शेजारणीनंच आईच्या तोंडात घास कोंबला.

मग खटला उभा राहिला. संचालक सुटले. त्यांचा वैयक्तिक संबंध नाही, कंपनी ही कायद्यानं स्वतंत्र व्यक्ती आहे, असं त्यांचा वकील म्हणाला. बरं बाबा, मग त्या व्यक्तीला टाका आत! तर म्हणे तिला शरीर नाही, तुरुंगात बसवता येत नाही, फार तर दंड होईल. म्हणजे जमीन घ्यायला, कोर्टात भांडायला ती माणूस, आणि भोगायची वेळ आली की हवा. माझं तर डोकंच फिरायचं. आई मात्र दर तारखेला निलंग्याहून एसटीनं यायची आणि कोर्टाच्या दाराकडं बघत बसायची. आज तरी येईल ती, म्हणायची.

मागच्या तारखेला कळलं की कंपनी कायदेशीर बंद झाली. आरोपीच उरला नाही, म्हणून खटला संपला. मिल तिथंच आहे, पट्टे तेच, फक्त पाटी नवी.

बसस्टँडवर मी आईला सांगितलं, "मेली ती कंपनी."

"मेली? मग तिच्या घरी रडलं कोण?"

"कुणीच न्हाई."

"चूल बंद होती का?"

"न्हाई. मिल चालूच हाय."

"मग मेली कशी म्हणतूस?"

एसटीत बसल्यावर तिनं पदराला हात पुसले आणि पुढची तारीख कधी हाय, म्हणून विचारलं.