पत्र्यावरचा नेम

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शहरात आणून वर्ष होत आलं होतं. डावा डोळा काचबिंदूनं गेला, आई आधीच गेलेली. गावाकडं, पिशोरच्या शेतात एकटं कसं ठेवणार? आम्ही नवराबायको कामाला जाताना तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला बाहेरून कुलूप लावायचो. एकदा ते गेटबाहेर पडून भर ट्रॅफिकमध्ये उभे सापडले, तेव्हापासून दुसरा इलाजच राहिला नव्हता. दिवसभर ते आत गुदमरायचे आणि मी ऑफिसात.

त्यांच्या डोक्यात एकच, मक्याला कणसं धरली की गावी जायचं. वानरं हाकायची त्यांची स्वतःची रीत होती. बांधावरच्या कडुलिंबाला पत्रा टांगायचा आणि मचाणावर बसून त्यावर छऱ्याच्या बंदुकीनं नेम धरायचा. छर्रा लागून पत्रा खणकन वाजला की वानरांचा कळप धूम ठोकायचा. गेल्या हंगामात पत्रा वाजेनासा झाला होता.

"हात लटपटत नाय माझा. पत्राच दिसत नाय. बंदुकीला दुर्बीण घेऊन दे," हेच पालुपद रोज. एकदा वैतागून बोलून गेलो, दुर्बिणीतून नीट दिसलं तर खुशाल जा. झालं, अडकलो.

आबांना घेऊन क्रांती चौकाजवळच्या बंदुकांच्या दुकानात गेलो आणि सगळ्यात स्वस्त दुर्बीण मागितली. दुकानदारानं मान हलवली. "स्प्रिंगवाली बंदूक है ना, साहेब? तिचा झटका पुढं-मागं दोन्हीकडून बसतो. एकदम सस्तीवाली चार दिवसांत हलून जाती. ही घ्या, छोटी आहे, झूमबिम काही नाही, पण टिकेल."

टिकण्याशी मला काय घेणं? तिच्यातून काहीच दिसू नये असं मला वाटत होतं, आणि दिसावं असंही.

आबांनी ती हिसकावूनच घेतली. कोपर काउंटरवर टेकलं, उजवा डोळा लावला आणि रस्त्यापलीकडं रोख धरला. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरचं काळं टोपण तसंच होतं.

"लई साफ दिसतंय," आबा म्हणाले. "तारंवर कावळा बसलाय. खाली चहाची गाडी हाय. पिवळी पाटी हाय."

दुकानदारानं बोलायला तोंड उघडलं, मी हातानंच थांबवलं. चारचौघांत बापाला खोटं पाडू? की गप्प बसून यांना मचाणावर चढवू? मला त्यांचा भयंकर राग आला. आबा दुर्बीण डोळ्यावरून काढतच नव्हते.

शेवटी मीच ती हातातून सोडवून घेतली आणि टोपण काढून काउंटरवर ठेवलं. आबांनी ते बघितलं. मी "नंतर येतो" म्हणालो आणि त्यांना घेऊन बाहेर पडलो.

रिक्षा मिळेना.

"सगळं काळंकुट्ट झालं तवा वाटलं, ह्यो डोळाबी गेला," आबा एकदम म्हणाले. "दुर्बीण काढायचंबी भ्या वाटाया लागलं."

"आबा, मग तेव्हाच सांगायचं ना! कावळा दिसतो कशाला म्हणालात?"

"गेला म्हणलो आसतो," आबा म्हणाले, "तर तू सोडलं आसतं व्हय मला?"