कस्तुराबाईचा बाळंतशेपा

राणीसावरगावात कोणाच्या घरी पाळणा हलला की कस्तुराबाई मूठभर बाळंतशेपा घेऊन हजर. विकत नाही, मागावाही लागत नाही. घरामागच्या वाफ्यातला निम्मा शेपू ती भाजीला खुडतच नाही, बी धरायला सोडते. सासूनं दिलेलं बी, दरसाल राखलेलं.

यंदा माझ्या शेजारची कोकिळा सातव्या महिन्यात नवऱ्यासोबत ऊसतोडीला निघाली. माझं डोकं फिरलं. मुकादमाला भर चौकात धरलं, तिच्या नवऱ्याला, शिवशंकरला, नको ते बोलले. शेवटी कोकिळाच म्हणाली, "ताई, मागं कोण हाय मला इथं? मी जायलेय."

हरले. तणतणत कस्तुराबाईकडं गेले. "शेपा द्या तिला बांधून. ट्रॅक्टर निघायलाय."

"देऊ कुठून? जुना सरला, नवा कच्चा हाय."

पण ती विळा घेऊन वाफ्यात बसली. पिवळ्या फुलांच्या छत्र्या, त्यांत नुकतेच भरलेले हिरवे दाणे. शतपुष्पा या जुन्या नावावरून शेपू आला, असं मी कुठंतरी वाचलेलं. ते तिथं उभं राहून पटलं. एकेका काडीवर केवढी फुलं! आणि ती एकूणएक काडी कापायली.

"सगळंच? पुढच्या साली पेरणार काय?"

"पुढारीणबाई, बाळंतशेपा म्हणत्यात ह्याला. बाळंतिणीचं हाय ते. कोण्या बाईनंच ठिवलं आसंल नाव, भोगलेल्या."

कोण असेल ती? कधीची? मला भाषणं ठोकता येतात, तिथं मी खाली बसून काड्यांची जुडी बांधू लागले.

ट्रॉलीत तिनं जुडी उलटी टांगली, खाली फडकं बांधलं. "आशीच वाळू दे. देठातला रस दाण्यात उतरतोय. आन् शिवशंकऱ्या, दाणा सांडला तर मिशी उपटीन!"

पौषात कस्तुराबाईला कोकिळेचा फोन आला. तिकडच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली होती.

"आजी, दाणे चांगले वाळले. जेवल्यावर चावायलेय."

"दूध हाय का?"

"लय! पोरगी ढेकर देतीय."

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई गंगाखेडच्या बाजारात शेपूचं बी विकत घ्यायला निघाली. जन्मात पहिल्यांदा. दुकानदाराशी भांडल्याशिवाय मी काही घेत नाही. त्या दिवशी तिच्यासोबत जाऊन मुकाट पिशवी धरून उभी राहिले.